बोनसचे दहा हजार

रमजानला अडीच-तीन आठवडे राहिले होते. शुक्रवारी रात्री इशाची नमाज आटोपून मी वह्या तपासत बसले होते, तेवढ्यात सांगलीहून भाच्याचा फोन आला. माझ्या आपाचा हा धाकटा मुलगा. वय एकवीस. मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहितो. नमाजी आहे, व्यसन नाही, आईच्या शब्दाबाहेर नाही. त्याचा आवाज मात्र त्या रात्री वेगळाच वाटला.

"खाला, पाच हजार भेजो ना. आठ दिन में वापस देतूं. अम्मीकू नक्को बोलो."

त्याच आठवड्यात सोमवारीही त्याने पाच हजार मागितले होते. कॉम्प्युटरच्या कोर्सची फी भरायची आहे, असे सांगितले होते. मी फोनवरून लगेच पाठवले आणि आपाला त्यातले काही कळवले नाही. भाचा लाडका आहे, शिकतो आहे, एवढ्यावर मी खूश होते. या वेळी मात्र मी विचारले, "आता कशाला रे?" तो म्हणाला, माझे पैसे एका ठिकाणी अडकलेत, अजून पाच भरले की सगळे सुटतील.

पैसे सोडवायला पैसे भरावे लागतात, हे ऐकून माझी झोप उडाली. रविवारी सकाळची एसटी धरली. सातारा ते सांगली हा रस्ता मला लहानपणापासून पाठ आहे, पण त्या दिवशी कराड कधी गेले, पेठ नाका कधी आला, काही कळले नाही. आष्टा गेले तेव्हा मनाशी ठरवले की ओरडायचे नाही, आधी सगळे ऐकून घ्यायचे.

आपा शेजारच्या घरी हळदीला गेली होती. तेवढ्या वेळात त्याने फोन माझ्यापुढे ठेवला. पडद्यावर रंगीत फिरणारी चित्रे, वर एका कोपऱ्यात आकडा : ८,४०० रुपये. खाली एक पट्टी होती, तिच्यावर '३१ टक्के पूर्ण' असे लिहिलेले. "हे बघ खाला, पैसे आहेत. फक्त पट्टी पूर्ण व्हायची आहे. मुदत उद्या रात्री संपते. आणखी पाच हजार भरले तर तीन दिवस वाढवून देतो म्हणतात."

गेल्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख, असे पैसे पुढे पाठवणाऱ्या बँकेलाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. क्रिकेटपटू आणि नट ज्यांच्या जाहिराती करत होते ती मोठी देशी अ‍ॅप त्याच महिन्यात पैशांचे खेळ बंद करून मोकळी झाली. आम्ही शिक्षकांनी स्टाफरूममध्ये सुटकेचा श्वास सोडला होता. पण परदेशात नोंदलेल्या साइट कुठे आपला कायदा विचारतात? एक पत्ता बंद झाला की एखादे अक्षर बदलून दुसरा उघडतात, आणि नवा पत्ता मेसेजवर येतो.

मी विचारले, "पैसे भरतोस कसे?" त्याने दाखवले. यूपीआयचा कोड येतो, तो स्कॅन करायचा, पिन दाबायचा. दहा सेकंदांचे काम. मी त्याचे जुने व्यवहार उघडायला लावले. प्रत्येक वेळी पैसे घेणाऱ्याचे नाव वेगळे. एकदा किराणा दुकान, एकदा कुठल्या तरी बाईंचे नाव, एकदा मोटार गॅरेज. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. अशा खात्याची पोलिसांत तक्रार झाली की त्यातून ज्यांना पैसे गेले त्यांचीही खाती बँक गोठवू शकते. सुरुवातीला भाच्याला बाराशे रुपये जिंकल्याचे मिळाले होते, तेही अशाच एका अनोळखी खात्यातून. ते बाराशे दोन तासांत आले म्हणून तर त्याचा विश्वास बसला.

मग मी म्हटले, "अटी कुठे लिहिल्यात ते दाखव." त्याने आजवर ते पान उघडलेच नव्हते. पान इंग्रजीत होते, लांबलचक. मी भाषेची शिक्षिका, उर्दू आणि मराठी शिकवते, इंग्रजी जेवढ्यास तेवढे. पण वही-पेन घेऊन बसले. गंमत अशी की उदाहरणे सगळी पौंडात होती. बहुधा ब्रिटनच्या खेळाडूंसाठी लिहिलेले पान जसेच्या तसे सांगलीच्या पोरासमोर ठेवले होते.

वाचकांनी हा हिशेब सावकाश वाचावा, कारण घरातल्या मुलांना तो कुणीतरी करून दाखवायला हवा.

सोमवारी त्याने माझे पाच हजार भरले. साइटने २०० टक्के बोनस दिला, म्हणजे दहा हजार. पडद्यावर पंधरा हजार दिसू लागले. अट अशी की भरलेली रक्कम आणि बोनस मिळून जे होईल त्याच्या ३५ पट खेळल्याशिवाय एक रुपयाही काढता येणार नाही. पंधरा हजारांचे ३५ पट म्हणजे सव्वापाच लाख रुपये. मुदत सात दिवस. एका डावात चारशेपेक्षा जास्त लावायचे नाहीत. म्हणजे तेराशेहून अधिक डाव, दिवसाला एकशे अठ्ठ्याऐंशी. पत्त्यांच्या खेळात शंभर लावले तर अटीत फक्त दहा धरणार, म्हणून मुलगा आपोआप फिरत्या चित्रांच्या खेळाकडे जातो. आता समजा, त्या खेळात मालक शंभरातले सरासरी चारच रुपये ठेवून घेतो. चार म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण सव्वापाच लाखांवर ते एकवीस हजार होतात. हातात पंधरा हजार आणि वाटेत एकवीस हजार जाणार. पट्टी पूर्ण होण्याआधीच पैसे संपावेत, असाच हा हिशेब बसवलेला आहे.

आणखी एक ओळ होती. आधी खेळाडूचे स्वतःचे पैसे खर्ची पडतात, मग बोनसचे. मी भाच्याला म्हटले, "पंधरामधले साडेसहा हजारांवर गेले. तुझे होते पाच. म्हणजे हे जे ८,४०० दिसतात ना, त्यात तुझा एक रुपया नाही. सगळा त्यांचा बोनस आहे, आणि तो उद्या रात्री ते परत घेणार. पट्टी पूर्ण करायला अजून साडेतीन लाखांवर खेळावे लागेल. नवे पाच हजार भरलेस तर तेवढेच आणखी जातील."

तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग ते दहा हजार कशाला दिले?"

"तू उठून जाऊ नयेस म्हणून."

ब्रिटनमध्ये जुगार कायदेशीर आहे, परवाने देऊन चालवला जातो. तरी तिथेही सरकारी आयोगाने १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळायला बंदी घातली, कारण माणूस उसन्या पैशावर खेळू लागला की थांबत नाही. बोनसच्या अटीलाही यंदाच्या जानेवारीपासून दहापटीची मर्यादा घातली. म्हणजे जे लोक जुगाराला गुन्हा मानत नाहीत त्यांनाही हा बोनस म्हणजे फास आहे, हे कळले. आपल्या पोरांपर्यंत मात्र तीच साइट ना मर्यादा घेऊन येते, ना परवाना. तक्रार करायची म्हटले तर दारच नाही.

मला सगळ्यात जास्त भीती ज्या प्रश्नाची होती तो मी शेवटी विचारला. "माझ्या पाच हजारांच्या आधी किती गेले?"

चोवीस हजार. ते त्याचे नव्हते, आपाचेही नव्हते. आपा बारा जणींची भिशी चालवते, महिना दोन-दोन हजारांची. तिला फोनवरचे व्यवहार जमत नाहीत म्हणून सगळ्या जणी पैसे भाच्याच्या खात्यावर पाठवतात. या महिन्याचा नंबर शिवणकाम करणाऱ्या एका बेवा बाईचा होता. ईदच्या ऑर्डरींसाठी तिला कापड आणि अस्तर भरायचे होते. चार दिवसांनी पैसे द्यायचे होते.

मी उर्दू शिकवते म्हणून एका शब्दाबद्दल सांगते. कुरआनात जुगारासाठी 'मैसिर' हा शब्द आला आहे. त्याचे मूळ 'युस्र', म्हणजे सोपेपणा, असे सांगितले जाते. आपल्या बोलण्यातला 'मयस्सर' हा शब्दही त्याच मुळाचा. कष्टाशिवाय, सहज हाती येणारे ते मैसिर. त्या काळी अरब लोक उंट कापून बाणांच्या चिठ्ठ्यांनी वाटे पाडत, आणि जिंकलेले मांस गरिबांत वाटण्याचीही रीत होती. म्हणूनच सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत त्यात लोकांसाठी काही फायदाही असल्याचे मान्य करून गुनाह त्याहून मोठा असल्याचे सांगितले आहे. सूरह माइदाच्या ९० आणि ९१ व्या आयतींत तर त्यापासून दूर राहण्याचा स्पष्ट हुकूम आहे, आणि कारण दिले आहे ते माणसामाणसांतल्या वैराचे. मी हे वर्गात कितीदा शिकवले असेल. पण सोपेपणा म्हणजे काय, ते त्या दिवशी कळले. पैसे जायला दहा सेकंद, यायला सव्वापाच लाखांची अट. सोपे असते ते फक्त जाणे.

आणि या सोपेपणात माझाही वाटा होता. मटक्याच्या काळात माणसाला चिठ्ठी लावायला टपरीपर्यंत जावे लागे. चार लोक बघत, कुणी तरी घरी सांगे. आता दुलईत पडल्या पडल्या सगळे होते आणि कुणाला दिसत नाही. एकट्या खालाला दिसले असते, तिने एक प्रश्न विचारला असता तर. फी कुठे भरतोस, पावती दाखव, एवढे तरी. वर्गात दहा रुपयांचा हिशेब मागणारी मी, त्याला पाच हजार गुपचूप दिले.

आपा आली तेव्हा मी त्याला म्हटले, "तूच सांग." त्याने सांगितले, मान वर न करता. आपा रडली नाही, ओरडली नाही. "किती?" एवढेच विचारले. मग उठून वजू केला, जुहरची नमाज पढली आणि मुसल्ल्यावरून उठताना म्हणाली, "बारा जणींना मीच सांगते. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको." संध्याकाळी ती खरेच दारोदार गेली. दोघी-तिघींनी सुनावले. शिवणवाली बाई मात्र एवढेच म्हणाली, "पोरगा हातचा गेला नाही, हे बघा." चौदा हजार आपाने साठवणीतून काढले, दहा मी दिले. ठरल्या दिवशी बाईला पैसे पोचले. भाचा पगारातून महिन्याला दोन हजार आम्हा दोघींना फेडतो आहे. भिशीचे पैसे आता रोख येतात आणि वहीवर सही होते. त्याच्या यूपीआयची रोजची मर्यादा बँकेत जाऊन कमी करून घेतली. सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे मिळाले नाहीत, पण पोराने स्वतःच्या तोंडाने सगळी हकिगत सांगितली, हेही कमी नव्हते. रात्री झोप येत नाही म्हणाला, तेव्हा १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक लावून दिला. तिथे मराठीत बोलता येते.

त्या जिंकलेल्या बाराशेतून त्याने आईला एक शाल आणली होती. आपाने आलिमांना विचारले. ते म्हणाले, तेवढी रक्कम सवाबची नियत न करता एखाद्या गरजूला देऊन टाका. आपाने बाराशे रुपये दिले आणि शालही घडी करून देऊन टाकली. भाचा बघत होता. त्याला आम्ही कुणी काही बोललो नाही.

साताऱ्याला परत आल्यावर एकदा गणिताचे सर रजेवर होते. नववीचा ऑफ तास माझ्याकडे आला. मी फळ्यावर तेच गणित मांडले, पाच हजार, दहा हजार, ३५ पट, शंभरात चार. मुले पटापट उत्तरे देत होती. एकवीस हजार आले तेव्हा वर्ग हसला. "मॅडम, हे तर फसवतात!" तास संपला, मुले मैदानाकडे पळाली. मागच्या बाकावरचा एक जण तेवढा दप्तर आवरत रेंगाळला. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, अट पूर्ण झाली नाही तर भरलेले पैसे तरी परत देतात का?"

मी खडू ठेवला आणि त्याला बाकावर बसायला सांगितले. या वेळी मी आधी विचारले, "घरी कुणाला सांगितलंस का?"