साडेबारा टक्के आणि आत्याची सही

उरणमध्ये साडेबारा टक्के म्हणजे काय, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. सिडकोने जमिनी घेतल्या, दि. बा. पाटील साहेबांनी लढा उभा केला, १९८४ च्या जानेवारीत पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के भूखंड मिळू लागले.

आता दुसरे साडेबारा टक्के ऐका. २३ जुलै २०२४ पासून जमीन-घर विकून झालेल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर आयकर आहे साडेबारा टक्के. (आधी घेतलेल्या मालमत्तेला महागाई धरून २० टक्क्यांचा पर्याय आहे.)

अटल सेतू झाला, लोकल उरणला आली, भाव चढले. आम्हीही भूखंड विकला. बाबांनी त्या पैशात घर बांधलं, म्हणून त्यांना कर लागला नाही. आत्याने "माहेरचं आहे, मला नको" म्हणत फक्त सही केली. एक रुपया घेतला नाही. नोटीस मात्र तिला आली. कारण भूखंडावर जितकी नावं, तितके विक्रेते, आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा. बाबांच्या घराची सूट आत्याच्या नावाला चालत नाही.

आमची समजूत होती की सगळंच माफ असतं. तसं नाही. शेतजमीन सरकारने सक्तीने घेतली तर त्या मोबदल्याला अटींवर माफी आहे. भूखंड नंतर आपणहून विकला की ती माफी संपली. जागेच्या बदल्यात जागा घेतली तरी कायदा तिला हस्तांतरणच मानतो.

मार्ग आहेत, पण मुदतीत:
• विक्रीची पूर्ण रक्कम एका घरात घाला: दोन वर्षांत खरेदी किंवा तीन वर्षांत बांधकाम. कमी घातली तर सूटही कमी. आधीच एकाहून जास्त घरं नावावर असतील तर सूट नाही.
• रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले नसतील तर बँकेत 'कॅपिटल गेन्स' खात्यात ठेवा. साधी एफडी चालत नाही.
• किंवा सहा महिन्यांत ठरावीक सरकारी कंपन्यांचे रोखे, ५० लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी.

सौदा करण्याआधी सीएला भेटा, इसार घेतल्यावर नको. आणि बहिणीची, आत्याची सही घेणार असाल तर तिचा वाटा तिच्या खात्यात टाका. खरंच नको म्हणत असेल, तर हक्कसोडपत्र विक्रीआधी करा, तेही तिला नीट समजावून.

आत्या आम्हाला काही बोलली नाही. कर आम्ही भरला. पण नोटीसचा कागद घेऊन ती ओटीवर बसली होती, ते विसरता येत नाही.

भूखंड विकायला काढलेल्या प्रत्येकापर्यंत हे पोचवा.