वरच्यांचे पाणी, खालच्यांचे पाणी

आम्ही इचलकरंजीकर. एकाच गल्लीत निळा, भगवा, लाल, तिरंगी असे सगळे झेंडे. निवडणुकीत एकमेकांचे तोंड पाहात नाही. पण नळाला पाणी आले की घागरी एकाच रांगेत लागतात.

२०१२ साली शहरात काविळीची साथ आली, माणसे गेली. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की ही साथ पसरते. ती कोणाचा पक्ष विचारत नाही.

पंचगंगा कोल्हापूरचे सांडपाणी घेऊन आमच्याकडे येते. इथे काळ्या ओढ्यातून प्रोसेसचे रंगीत पाणी आणि गटारे तिला मिळतात. मग ती शिरोळ तालुक्यातून नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. आम्ही वरच्यांना दोष देतो, खालचे आम्हाला देतात.

आम्ही वारणेचे पाणी मागितले, दानोळीत विरोध झाला. सुळकूडहून दूधगंगेचे मागितले, तिथेही झाला. पाणी हा आमचा हक्कच आहे. पण दाराची नदी नासवून दुसरीकडे ओंजळ पसरली, तर तिथल्या शेतकऱ्याला काय उत्तर देणार?

पाणी कोठून आणावे, यावर मतभेद राहोत. शुद्ध न केलेले पाणी ओढ्यात सोडू नये, यावर तरी सर्वांचे एकमत व्हावे. प्रोसेस बंद पडली तर चूल विझेल, ही कामगाराची भीती खरी आहे. म्हणून बंद नको, शुद्धीकरण हवे. आणि त्याचा खर्च मजुरीतून नव्हे, नफ्यातून निघावा.

मत मागायला कोणत्याही झेंड्याचा उमेदवार येवो, माताभगिनींनी त्याला एवढेच विचारावे : आमच्या गल्लीचे गटार शेवटी कोठे जाते?