गिफ्ट

नर्सिंगसाठी जर्मनीला गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने परवा व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. उंदराच्या विषाचा डबा, त्यावर ठळक अक्षरांत ‘रॅटनगिफ्ट’. खाली तिचा मेसेज : "सर, इथे कुणी गिफ्ट दिलं तर घ्यायचं नाही!"

जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष. इंग्रजीतल्या गिफ्टचा हा सख्खा भाऊ, दोघांचं मूळ ‘देणे’ या क्रियापदात. जुन्या जर्मनमध्येही अर्थ ‘दिलेली वस्तू’ असाच होता. पण ग्रीकमध्ये औषधाच्या मात्रेला ‘डोसिस’ म्हणत, म्हणजे ‘देणं’. आपला डोस तोच. त्या धर्तीवर जर्मनमध्येही पाजायची मात्रा ‘गिफ्ट’ झाली आणि पुढे जे गुपचूप पाजतात तेही. हळूहळू भेट मेली, विष उरलं.

स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये तर ‘गिफ्ट’ म्हणजे विष आणि ‘विवाहित’सुद्धा! हसू येतं, पण त्यामागे लग्नात मुलगी ‘देणं’ आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘यिफ्ट’ असा म्हणत. अर्थ, बायकोसाठी मोजायची रक्कम. अनेकवचनात तर थेट लग्न. आजचा ‘भेट’ हा अर्थ आणि ‘ग’चा उच्चार इंग्रजीत आला तो नॉर्स भाषेतून. जर्मनमध्ये जुना अर्थ एका शब्दात टिकलाय, ‘मिटगिफ्ट’. सोबत दिलेलं, म्हणजे हुंडा.

इथे मी थांबलो. सूरह निसाच्या चौथ्या आयतीत स्त्रियांना मेहेर ‘निहला’ म्हणून द्यायला सांगितलंय. निहला म्हणजे खुशीनं दिलेली भेट. देणारा नवरा, घेणारी बायको. आपण दिशाच उलटी केली. वर तोंडानं म्हणतो, "आम्ही काही मागितलं नाही, त्यांनी गिफ्ट दिलं." माझ्याही लग्नात हेच वाक्य होतं. ते गिफ्ट, लोखंडी कपाट, अजून आमच्या खोलीत उभं आहे.

रात्री बायकोला हे सगळं ऐकवलं. तिनं शांतपणे विचारलं, "आणि माझं मेहेर?"

निकाहनामा काढला. ‘मुअज्जल’ लिहिलेलं. उर्दूत हा शब्द ऐनने लिहिला तर ताबडतोब द्यायचं, हमजाने लिहिला तर नंतर. कानाला दोन्ही सारखेच. देवनागरीतही फरक दिसत नाही. चष्मा लावून पाहिलं, ऐन होता.