पीळ

साठी उलटल्यावर माणसाने काय करावे याविषयी आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. पण जुने विमान विकत घ्यावे असे कोणी म्हटल्याचे मला आढळले नाही. तरी मी ते घेतले. बातमी ऐकून पत्नी क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही."

आम्ही राहतो ते ओहायोतल्या डेटन शहराजवळ. नोकरीच्या ऐन उमेदीत इथल्याच एका लहानशा धावपट्टीवर मी विमान चालवायला शिकलो होतो. पुढे मुलांची शिक्षणे आली, घराचे हप्ते आले आणि आकाश आपोआप मागे पडले. अठरा वर्षे मी जमिनीवर होतो. वैमानिकाचा परवाना या देशात जन्मभराचा असतो. पण डॉक्टरी तपासणी आणि दर दोन वर्षांनी शिक्षकाबरोबर उजळणी, यांवाचून तो नुसता कागद. तेव्हा पुन्हा शिक्षकाशेजारी जाऊन बसलो. तो माझ्या मुलाहून लहान होता. पहिल्याच दिवशी आमचे विमान उतरताना बेडकासारखे तीनदा उसळले. शिक्षक गंभीरपणे म्हणाला, "यातलं कुठलं उतरणं वहीत लिहायचं?"

माझे विमान १९६६ सालचे, सेस्ना १५०. दोन माणसांची जागा, चार सिलिंडरचे शंभर अश्वशक्तीचे इंजिन. माणसे, पेट्रोल, सामान सगळे धरून वजन १,६०० पौंडांवर जाता कामा नये. त्यामुळे पत्नीला बरोबर न्यायचे तर आधी तिचे वजन विचारणे आले. लग्नाला पस्तीस वर्षे झाली. इतके धाडस मी पूर्वी कधी केले नव्हते.

"एवढं जुनं विमान चालतं कसं?" असे लोक विचारतात. गंमत अशी, की विमान मोटारीसारखे म्हातारे होत नाही. वर्षातून एकदा त्याचा पत्रान्‌पत्रा उघडून जाणकार मेकॅनिकने तपासावा लागतो; झिजले ते बदलले जाते, आणि बदललेला प्रत्येक भाग वहीत तारखेनिशी, सहीनिशी नोंदला जातो. माझ्या विमानाच्या वह्यांत कितीतरी माणसांची हस्ताक्षरे आहेत. त्यांतले एकही माणूस मी पाहिलेले नाही. पण त्यांच्या सह्यांवर विसंबून मी आकाशात जातो. ऑइल बदलणे, प्लग साफ करणे अशी किरकोळ कामे मालक-वैमानिकाने स्वतः केलेली चालतात. मात्र सही त्यालाही करावी लागते.

अशी कामे मला आवडतात. माझ्या वडिलांचे मिरजेला सायकलदुरुस्तीचे दुकान होते. खंडेनवमीला पाने-पक्कडी पुसून, झेंडूची फुले वाहून ते पूजा करीत. त्यांचा एक नेम होता. दुरुस्त केलेल्या सायकलवर आधी स्वतः एक फेरी मारायची, मगच ती गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. डेटनला आल्यावर कळले, की राइट बंधूंचेही इथे सायकलचेच दुकान होते आणि १९०३ च्या विमानाचे इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने सुमारे सहा आठवड्यांत बनवले. बारा सेकंदांचे ते पहिले उड्डाण सगळ्यांना ठाऊक असते. चार्ली फारसा कोणाला आठवत नाही. वडिलांना मात्र तो आवडला असता.

गेल्या दिवाळीची गोष्ट. उतारू न्यायचा तर आधीच्या नव्वद दिवसांत तीनदा चढावे-उतरावे लागते. ते मी केले होते. शनिवारी झाडांचे शरदातले रंग बघायला जायचे ठरले. शुक्रवारी संध्याकाळी मी ऑइल बदलले, वहीत नोंद केली, सही ठोकली.

सकाळी पत्नी चिवड्याचा डबा घेऊन विमानाशी उभी होती. शेजारच्या हँगरमधला म्हातारा मेकॅनिक सहज डोकावला. त्याने वाकून इंजिनाखालच्या फटीतून विजेरी मारली आणि एवढेच विचारले, "इथली तार?"

ऑइल काढण्याच्या तोंडाला एक बूच असते. इंजिनाच्या थरथरीने ते फिरू नये म्हणून त्याला बारीक तार पिळून बांधतात. बूच मी घट्ट आवळले होते. तार बांधायच्या वेळी मुलाचा फोन आला, आणि बोलणे संपल्यावर मी सरळ झाकण लावून टाकले. त्या एका फेरीत कदाचित काहीच झाले नसते. पण बूच सुटते तर ऑइल वाहून जायला आणि इंजिन आवळून बंद पडायला फार वेळ लागला नसता. आणि माझी सही वहीत होती.

पत्नीला सांगावे की नाही, हा विचार मनात आला हे कबूल केले पाहिजे. मग सांगितले. ती माझ्याकडे पाहत राहिली. "अहो, मग बांधा की," म्हणाली आणि विजेरी हातात घेतली.

माझे हात थरथरत होते. पहिली तार पिळून झाली तशी म्हाताऱ्याने मान हलवली. तारेचा ओढा बूच आवळण्याच्या दिशेने हवा. माझा सैल करण्याच्या दिशेने होता. ती तोडून दुसरी बांधली. वहीतल्या कालच्या नोंदीवर एक रेघ मारून खाली खरे काय ते लिहिले.

"चला आता," पत्नी म्हणाली.

"तू थांब," मी म्हटले. "आधी मी एक फेरी मारून येतो."

मिरजेचे ते दुकान तिने पाहिले होते. तिने कारण विचारले नाही. मी एकटा वर गेलो, एक वळसा घेऊन उतरलो, इंजिन बंद करून खाली वाकून पाहिले. तार जागच्या जागी होती. ऑइलचा थेंबही नव्हता. मग तिच्या बाजूचे दार उघडले.

ग्रेट मायामी नदी उन्हात चकाकत होती. मका, सोयाबीन कापून शेते मोकळी झाली होती आणि मधूनमधून झाडे पेटल्यासारखी लाल दिसत होती. याच शहराजवळच्या कुरणावर १९०४ च्या सप्टेंबरात विल्बर राइटने विमानाचा पहिला पूर्ण वळसा घेतला होता, हे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. ती म्हणाली, "पुढे बघा," आणि डबा उघडला.

तोडलेल्या तारेचा तुकडा मी विमानाच्या किल्लीला अडकवून ठेवला आहे. पीळ जळत नाही, हे खरेच. पण तो कोणत्या दिशेने बसला आहे, हे वाकून पाहायला हवे.