पोटातली चळवळ

काचीगुड्याशेजारी, बरकतपुऱ्यात आमचं घर. सातव्या महिन्यात रात्री आडवी झाले, की बाळाची चळवळ थांबेना. मी घाबरले. गुलबर्ग्याच्या सासूबाई हसल्या, "कूसु आडतद!" बाळ खेळतंय! डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, "भरपूर हालचाल हे चांगलंच लक्षण. मधेमधे ते २०-४० मिनिटं झोपतं. त्याचा रोजचा क्रम ओळखून ठेवा."

नवव्या महिन्यात एका संध्याकाळी पोट गप्प झालं. "दिवस भरत आले की बाळ कमी हलतं, सकाळी बघू," शेजारीण म्हणाली. तो गैरसमजच. सासूबाईंनी तडक रिक्षा बोलावली. तपासणीत बाळाचे ठोके ऐकू आले, तेव्हा आम्ही दोघी रडलो. मैत्रिणींनो, चळवळीला भिऊ नका. ती मंदावली किंवा एकाएकी बदलली, तर सकाळची वाट पाहू नका.