माटुंग्यातील खारे पाणी

माटुंग्यातून समुद्र दिसत नाही. पश्चिमेचा किनारा गाठायचा तर मध्य आणि पश्चिम असे दोन्ही रेल्वेमार्ग ओलांडून दादर किंवा माहीमला जावे लागते. तरीही मीठ या वस्तीला परके नाही. पूर्वेला लागूनच वडाळा, आणि वडाळ्याची मिठागरे एकेकाळी साऱ्या देशाला ठाऊक झाली होती. मिठाच्या सत्याग्रहात १ जून १९३० रोजी सुमारे १५ हजार लोक त्या मिठागरांवर चालून गेले आणि लाठ्या खाऊन मूठ-मूठ मीठ घेऊन परतले.

आज मीठ माटुंग्यात निराळ्याच वाटेने येऊ पाहत आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. रुंद रस्ते, पाच उद्याने, बेताच्या उंचीच्या इमारती आणि भोवती मोकळी हवा, हे त्या आखणीचे वैशिष्ट्य. मांडवी-मशीद बंदरच्या दाटीतून निघालेल्या कितीतरी कच्छी-गुजराती व्यापारी कुटुंबांना ही हवा मानवली आणि ती येथे स्थिरावली. आता त्या जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. वाहनतळ, व्यायामशाळा आणि जलतरण तलाव तर आलेच; पण सर्वांत वरच्या घराला गच्चीवर स्वतःचा छोटा तलाव, आणि तोही खाऱ्या पाण्याचा, अशी कल्पना हल्ली ऐकू येते. ‘क्लोरिन नाही, फक्त मीठ’ असे तिचे वर्णन होते. हे वर्णन कानाला गोड आहे, पण खरे नाही.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. घरगुती तलावात ३ ते ४ ग्रॅमच मीठ घालतात. जिभेला ते जेमतेम जाणवते. हे पाणी विजेच्या घटातून फिरवले की मिठातूनच क्लोरिन तयार होतो, आणि पाणी स्वच्छ राखतो तो हाच. कॉस्टिक सोड्याच्या व्यापारात असलेल्या घरांना ही क्रिया नवी वाटणार नाही. मोठ्या कारखान्यात जे चालते तेच येथे लहान प्रमाणात चालते. काम संपलेला क्लोरिन पुन्हा मिठाच्या रूपात पाण्यात परततो, त्यामुळे मीठ फारसे खर्ची पडत नाही. क्लोरिनची भुकटी घरात साठवावी लागत नाही, डोळ्यांची चुरचुर आणि उग्र वास कमी होतो, हे फायदे मान्य करायला हवेत. मात्र पाण्याची अल्कता सतत वाढते, ती उतरवण्यासाठी आम्ल घालावे लागते, आणि घटाच्या पट्ट्यांवर चुन्याचा थर बसला की तोही आम्लानेच काढावा लागतो. म्हणजे क्लोरिनची भुकटी गेली, तरी आम्लाचा कॅन घरात राहिलाच. वडाळ्यासारख्या मिठागरातले खडे मीठही या कामी चालत नाही. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे पट्ट्या लवकर माखतात. त्यासाठी शुद्ध केलेले, आयोडिन नसलेले मीठ लागते.

आता हिशेब मांडून पाहावा. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल, असा तलाव फार मोठा म्हणता येणार नाही. त्यात ४० हजार लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजारी चार टँकर. त्याला सुमारे १४० किलो मीठ लागते. शहरी माणसाच्या घरगुती गरजेचे रूढ प्रमाण दिवसाला १३५ लिटर धरले, तर तेवढ्या पाण्यात पाच माणसांचे कुटुंब जवळजवळ दोन महिने राहू शकते. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी रोज १६० लिटर पाणी उडून जाते. एका माणसाच्या वाट्याहून अधिक. घट साधारण तीन ते सात वर्षांत बदलावा लागतो. पंप रोज काही तास चालवावा लागतो, तेव्हा विजेचे बिल वेगळे. दुकानाच्या यंत्रावर घसारा धरणारा गृहस्थ तलावाच्या बाबतीत ते विसरतो. वास्तविक पहिल्या वर्षापासूनच त्यासाठी रक्कम बाजूला काढायला हवी.

पैशापेक्षा मोठा प्रश्न वजनाचा आणि गळतीचा आहे. घराच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून इमारतीचा आराखडा करतात; सव्वा मीटर पाणी १,२५० किलो भार टाकते. अभियंत्याने सुरुवातीपासून विचार केला असेल तर हे साधते, पण तयार गच्चीवर मागाहून तलाव बसवणे धोक्याचे. त्यात पाणी खारे. सळयांच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. या तलावाच्या पाण्यात ते २,१०० च्या आसपास असते. जलरोधक थराला एक चीर गेली की हे पाणी सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि खालच्या घराच्या छताला ओल धरते. सोसायटीच्या सभांत गळतीवरून होणारे वाद मुंबईकरांना सांगायला नकोत. काठाला हौसेने लावलेला संगमरवरही मीठ आणि आम्ल या दोघांपुढे टिकत नाही.

पावसाळ्यात तर सगळाच हिशेब बदलतो. मुंबईत वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे उघड्या तलावात त्याच्या खोलीपेक्षाही जास्त पाणी वरून पडते. तलाव वाहत राहतो, मीठ वाहून जाते आणि दिवाळीपूर्वी पुन्हा पोती आणावी लागतात. गाळणी उलटी धुताना निघणारे पाणीही खारेच. ते बागेत सोडले तर झाडांची मुळे करपतात, आणि माटुंग्याची शोभा तर झाडांतच आहे. ते मलवाहिनीतच सोडले पाहिजे. किंग्ज सर्कलला पाणी तुंबले असताना वरच्या मजल्यावर काय उपसले जात आहे, हा शेजाऱ्यांचा प्रश्न गैर म्हणता येणार नाही.

याच दिवसांत चातुर्मास असतो. पाणी गाळून घ्यावे, उकळून प्यावे, गरजेपुरतेच वापरावे, हे नियम या दिवसांत अनेक घरांत अधिक काटेकोरपणे पाळले जातात. नळाला बांधलेले पांढरे फडके सूक्ष्म जीवांना वाचवण्यासाठी असते. तलावाचा घट मात्र त्यांना मारण्यासाठीच चालतो, आणि मीठ या सौम्य शब्दाने त्यात फरक पडत नाही. प्रपंचात हिंसा पूर्णपणे टळत नाही, हे शास्त्रही जाणते. म्हणून तर श्रावकाच्या व्रतांत मर्यादेला स्थान आहे. घरातल्या आजीने ‘एवढे पाणी कुणासाठी?’ असे विचारले, तर तिला माहितीपत्रक दाखवून भागणार नाही.

पोहण्याची आवड असणाऱ्यांना जवळच दुसरी सोय आहे. टिळक पूल ओलांडून शिवाजी पार्ककडे गेले की महापालिकेचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव लागतो. त्याच पाण्यात पाळीपाळीने पुष्कळ माणसे पोहतात, आणि माटुंग्यातील कितीतरी मुले तेथेच पोहायला शिकली आहेत.