टकळी

टकळी मला पहिल्यांदा आजोबांनी दिली. पितळेची चकती, मधून गेलेली लोखंडी काडी आणि काडीच्या टोकाला इवलासा आकडा. वर्ध्याजवळच्या आमच्या नालवाडीत घरी टकळी असण्याचं कुणाला नवल नव्हतं. 25 डिसेंबर 1932 रोजी विनोबा भावे इथे राहायला आले आणि कातण्याच्या मजुरीवर जगायचा प्रयोग त्यांनी मांडला. 1934 मध्ये ग्रामसेवा मंडळ निघालं. आजोबा त्या वातावरणात वाढले. मांडीवर घासून ते काडीला गरकन फिरकी देत, पिंजलेल्या कापसाच्या पेळूतून धागा सुटू लागे आणि मला सांगत, ‘‘पोरी, वढू नको. त्याले येऊ दे.’’

पुढे शाळेत तीच टकळी भेटली. तिथवर ती आली होती वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेमुळे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला गांधीजींनी देशभरातले शिक्षणतज्ज्ञ इथे जमवले. मग झाकिर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला. मुलांनी हातांनी काही घडवावं आणि त्या कामातूनच बाकीचे विषय शिकावेत, हा ‘नई तालीम’ या शिक्षणपद्धतीचा गाभा. आमच्या बाई तसंच शिकवायच्या. चार फुटांचा एक तार, 640 तारांची एक गुंडी. मग गुंडीत किती फूट सूत? गुणाकार आम्ही बोटांनी शिकलो. पेळूवरून गोष्ट सरकीवर जाई, सरकीवरून आमच्या काळ्या मातीवर.

शाळेसारखंच वर्ध्यात एक संग्रहालयही शिकण्याची जागा म्हणून उभारलं गेलं. मगनलाल गांधींनी चरख्याच्या सुधारणेत आयुष्य वेचलं. त्यांच्या नावाचं मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते 30 डिसेंबर 1938 रोजी उघडलं. ते जिथे उभं राहिलं त्या, जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत तेव्हा जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगांचं काम करत होते. खेड्यातल्या कारागिराने यावं, अवजारं पाहावीत आणि आपल्या कामात सुधारणा करावी, हा त्यामागचा विचार.

लेकीला घेऊन मी तिथे गेले. नाना तऱ्हेचे चरखे पाहताना तिने विचारलं, ‘‘आई, हे चालवायचे कसे?’’ तिथल्या पाट्यांवर वर्षं होती, नावं होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या बोटांत होतं. घरी आल्यावर मी आजोबांची टकळी काढून तिच्या हाती दिली. धागा सारखा तुटत राहिला. लेक तो पुन्हा पुन्हा जोडत गेली आणि अखेर वीतभर सूत निघालं, गाठींनी भरलेलं, पण तिचं स्वतःचं.

अवजाराबरोबर ते चालवणारा हात जपला नाही, तर संग्रहालयात नुसतं पितळ आणि लाकूड उरतं. मगन संग्रहालयाच्या मंडळींनी हे ओळखलं आहे; नैसर्गिक रंगांच्या खादीचं काम त्यांनी चालू ठेवलं आहे. आता पुढचा वाटा आपला. कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला निदान एकदा तरी स्वतःच्या हाताने धागा काढता यावा. टकळीला वीज लागत नाही, जागा लागत नाही. शिकवणारं एक माणूस लागतं. ज्यांच्या बोटांना अजून आठवतंय, त्यांनी ते माणूस व्हावं.